चन्नाप्पा म्यानेजर का गेले

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, आणि नातवंडं त्यावरून माझी थट्टाही करतात. पण खानावळीतल्या त्या माणसांवरचा राग उशिरासुद्धा गेला नाही. त्यातली बहुतेक सगळी आता मातीत गेली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ती जिवंत असताना माझ्या आईबद्दल जे बोलली ते मी या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यांच्याबरोबर माझा स्वतःचाही हिशेब आहे, तो शेवटी येईलच.

वडील गेल्यावर आईनं नवी पेठेच्या मागच्या बोळात खानावळ काढली. पुढं लांबट खोली, तिच्यात दोन्ही भिंतींना लागून पाट मांडलेले, मागं चूल आणि न्हाणी, आणि रस्त्याच्या बाजूला एक दगडी ओटा. पहाटेचा गिरणीचा भोंगा झाला की आई उठायची. दुसऱ्या भोंग्याला चूल पेटलेली असायची. तिसऱ्या भोंग्यापर्यंत भाकरी थापण्याचा आवाज सुरू झालेला असायचा, आणि बोळाच्या पलीकडच्या घरांतून हातमागांची खटखट. या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. सासरी गेल्यावर पहिले कितीतरी दिवस तिथल्या शांततेनं मला झोप यायची नाही. माझं काम शेंगाची चटणी कुटायचं. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून, शेंगदाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागेपर्यंत मुसळ थांबवायचं नाही, हा आईचा नियम. आता नातसून मिक्सरमध्ये करते आणि म्हणते, आजी, अगदी तशीच झाली. तशी होत नाही. मी खाते आणि गप्प बसते.

जेवायला वीसपंचवीस माणसं. गिरणीतले कामगार, पेठेतल्या दुकानांतले कारकून, एकदोन मास्तर. ही माणसं दिवसाआड एकमेकांशी भांडायची, आणि भांडायला त्यांच्याकडं एकच विषय होता, तो म्हणजे पेठेचा फुटबॉल क्लब. खेळणारे अकरा, आणि त्यांना खेळ शिकवणारे अकराशे. या शिकवणाऱ्यांचे पुढारी होते बाबूराव. त्यांचं पेठेत तंबाखूचं दुकान होतं. घरी बायको जिवंत असूनही दुपारी जेवायला ते आमच्याकडं यायचे, कारण घरी त्यांचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं. त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण कुणी कुठं उभं राहायला हवं होतं, कुणी कुणाला चेंडू द्यायला हवा होता, हे ते आमटी भुरकत असं सांगायचे की नवख्याला वाटावं, काल हेच खेळत होते.

क्लबचे म्यानेजर चन्नाप्पा. मूळचे मैंदर्गीचे, घरची भाषा कानडी, मराठी बोलताना अधूनमधून अडखळायचे. गिरणीत तयार कापड तपासायच्या खात्यात होते. वय चाळिशीचं, बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. चार वर्षं आमच्याकडं जेवत होते. आई त्यांना अप्पा म्हणायची, ते तिला अक्का म्हणायचे. बोलताना ते मान जराशी वाकडी करायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या कानाकडं बघायचे. लोकांना वाटायचं, गर्व आहे. मलाही तेच वाटायचं. त्यांनी टीमला एक विचित्र शिस्त लावली होती. चेंडू पायात आला की खेळाडूनं आपलं नाव ओरडायचं, आणि ज्याला द्यायचा त्याचंही. त्यामुळे आमची अनवाणी टीम खेळायला लागली की मैदानावर भाजीबाजार भरल्यासारखा कालवा व्हायचा. लष्कर भागातल्या क्लबची माणसं हसायची, शिट्ट्या मारायची. चन्नाप्पा मैदानाच्या कडेला स्टुलावर बसून, मान वाकडी करून ऐकत राहायचे. पण ओरडण्यामुळे आमच्या पोरांना एकमेकांचा पत्ता न बघता लागायला लागला, आणि दोन वर्षांत तीच टीम ढालीच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. तेव्हा बाबूराव सांगत फिरले की ही ओरडायची युक्ती मूळ त्यांची.

माझा थोरला भाऊ दत्तू त्या टीममध्ये होता. डाव्या कडेनं पळायचा. अंगानं सडपातळ आणि पायानं इतका हलका की चेंडू त्याच्याजवळ गेला की तिथंच राहायचा. पण स्वभावानं मुका. घरात त्याला भूक लागली हेसुद्धा आम्हाला त्याच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागायचं. मैदानावर त्याला कितीही सांगा, तो ओरडायचा नाही. शेवटच्या सामन्याला आठ दिवस असताना चन्नाप्पांनी त्याला टीमबाहेर काढलं. दत्तू घरी आला, पाय न धुता भिंतीला टेकून बसला आणि पहिल्यांदाच सलग दोन वाक्यं बोलला. "म्यानेजर म्हनला, तू मैदानात असतूस का न्हाय तेच मला कळत न्हाय. सगळ्यांच्या म्होरं म्हनला." मग उशीला तोंड लावून पडून राहिला. जेवला नाही.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सोळा वर्षांची होते. भाऊ माझ्यासाठी जीव की प्राण होता. आणि त्याचा अपमान करणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच पाटावर येऊन बसणार, आमच्याच आईच्या हातचं जेवणार, आणि मी त्याला वाढणार. काय करावं ते मला सुचत नव्हतं. बोलायची सोय नव्हती, कारण आईचं चन्नाप्पांकडं विशेष लक्ष असायचं. त्यांचं ताट ती दुसऱ्या कुणाला वाढू द्यायची नाही. वर मधोमध मीठ, डावीकडं चटणी, लिंबाची फोड आणि कांदा, उजवीकडं भाजी आणि आमटीची वाटी, अलीकडं भाकरी. तशी सगळ्यांचीच ताटं अशी वाढतात, यात नवं काही नाही. पण घाईच्या वेळी बाकीच्यांच्या ताटात इकडचं तिकडं झालं तर आई बघायची नाही. यांच्या ताटात बोटभर सरकलेलं तिला चालायचं नाही.

त्या दुपारी आई दळणवाल्याशी बोलायला मागच्या दारी गेली आणि मी संधी साधली. चन्नाप्पांचं ताट मी उलटं वाढलं. भाजी आणि आमटी डावीकडं, चटणी आणि कांदा उजवीकडं. आजकालच्या मुलींना यात काय मोठंसं वाटणार नाही. पण आमच्याकडं जिवंत माणसाला असं डावं-उजवं फिरवून वाढणं म्हणजे त्याला तोंडावर मेला म्हणण्यासारखं होतं. माझा बेत साधा होता. ते ताट बघतील, लाल होतील, आईला हाक मारतील, आणि मग मी सगळ्यांसमोर विचारीन की माझ्या भावाचा अपमान करताना तुम्हाला काही वाटलं नाही, मग आता का वाटतं. वाक्य मी चटणी कुटता कुटता पाठ केलं होतं. ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

त्यांनी ताट बघितलंच नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि उजवीकडं आमटीत बुडवायला नेला, तो कोरड्या चटणीवर गेला. हात थांबला. मग तो डावीकडं गेला, चटणीची चिमूट घ्यायला, आणि चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या आमटीत त्यांची चार बोटं पेरापर्यंत बुडाली. तोंडातून आवाज काढला नाही. हात वर घेतला, मांडीवरच्या पंच्याला पुसला, आणि मग सावकाश, एकेका बोटानं ताटाची कड चाचपत चाचपत पूर्ण फेरी मारली. मीठ कुठं, कांदा कुठं, वाटी कुठं. माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. शेजारी बाबूराव शेवटच्या सामन्याबद्दल बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. कुणाचंच नव्हतं. आई आत आली, एका नजरेत तिला सगळं समजलं. ती खाली बसली, वाटी उचलून उजवीकडं ठेवली, चटणी डावीकडं सरकवली, आणि हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, झालं. जेवा." ते जेवले. ताटात काही टाकलं नाही. हात धुताना त्यांनी आईला विचारलं, "अक्का, कोणी बघायला सांगितलं हिला?" ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत गेले नाहीत आणि जेवायलाही आले नाहीत. खोलीला कुलूप होतं.

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि सांगितलं. चन्नाप्पांची नजर तीन वर्षांपासून जात चालली होती. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. रस्त्यानं चालता येई, माणूस उभा आहे हे कळे, पण त्याचं तोंड दिसत नसे, ताटातलं दिसत नसे, पायातला चेंडू दिसत नसे. कापड ते बोटांनी तपासायचे. तळहात फिरवला की तुटका धागा त्यांना डोळेवाल्यांच्या आधी सापडायचा, म्हणून गिरणीत कुणाला संशय आला नव्हता. आईला ते त्यांनी स्वतः सांगितलं नव्हतं, तिनंच वाढता वाढता ओळखलं होतं. मी त्यांची परीक्षा घेतली असं त्यांना वाटलं. कुणीतरी पढवून ही पोरगी पाठवली, उद्या गावभर होणार, त्याआधी आपणच जावं. रागावून उलटं वाढलं असेल हे त्या बिचाऱ्याच्या मनात आलंच नाही, कारण आपल्या बोलण्यानं दत्तू दुखावला आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"दुसऱ्या गावाला गिरणीत लागायला ग्येलेत," आई म्हणाली. "सकाळी येऊन सांगून गेले. तितं दोन म्हयने बिनबोभाट गेले पायजेत. दोन म्हयन्यात ते बोटांचं काम बघतील. मग डोळं कोण बघतंय. तंवर तू त्वांड उघडायचं न्हाय. दत्तूम्होरं सुदिक न्हाय." मी व्हय म्हणाले. मनापासून म्हणाले होते. गावाचं नाव इथं लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात त्या गिरणीवाल्यांचा दोष नव्हता.

मग सुरू झाली ती चर्चा. असली चर्चा मी पुन्हा आयुष्यात ऐकली नाही, आणि निवडणुका मी बऱ्याच पाहिल्या आहेत. शेवटचा सामना सहा दिवसांवर आणि म्यानेजर गायब. का गेला? पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकमत होतं की लष्करवाल्यांनी फोडला. दुसऱ्या दिवशी लष्करवाल्यांचाच एक ओळखीचा माणूस पेठेत येऊन विचारून गेला की तुमचा म्यानेजर कुठं गेला, तेव्हा ते मत पडलं. मग म्हणाले, क्याप्टनशी वाजलं. क्याप्टन रसूल हा सायकली दुरुस्त करायचा. आत पंगतीला बसायची त्याची रीत नव्हती, आणि तशी सोयही आम्ही ठेवली नव्हती, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. तो बाहेर ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि आतल्यांशी बोलायचा. त्याला त्यांनी घेरलं. तो म्हणाला, "माझं काय बी वाजलं न्हाय. माणूस गेला, त्येची मर्जी. तुमी खेळाचं बघा की." यावर एक मास्तर म्हणाले, हा लपवतोय. ते खरंच होतं, पण त्यांना वाटलं तसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दत्तूचं नाव निघालं. गोदाकाकूंच्या, म्हणजे आमच्या आईच्या, पोराला काढला म्हणून पेठेतल्या पोरांनी दम दिला असेल. दत्तू तिथंच जेवत होता. तो उठून गेला, आणि उठून गेला म्हणजे खरंच असणार असं ठरलं. चौथ्या दिवशी बाबूराव म्हणाले, "कानडी माणूस. त्येला आपल्या पेठंचं काय सोयरसुतक." चार वर्षं ज्याच्या नावानं नारळ फोडले त्याला चार दिवसांत परका करून मोकळे. मी वाढत होते. कुणी आमटी मागितली की मी वाटीत पळी आपटायची, एवढंच माझ्या हातात होतं.

सामना झाला. आमची टीम ओरडलीच नाही. नवा म्यानेजर म्हणून बाबूरावांनी स्वतःलाच नेमलं होतं आणि पहिला हुकूम काढला होता की भाजीबाजार बंद, इज्जतीनं खेळा. इज्जतीनं खेळले आणि चार गोल खाल्ले. दत्तूला परत घेतला होता. तो पळाला चांगला, पण त्याच्याकडं चेंडू कुणी दिला नाही, कारण तो कुठं आहे हे ओरडल्याशिवाय शोधायची सवयच कुणाला उरली नव्हती.

हरल्यावर ती माणसं खरी तापली. आता दोष कुणावर तरी बसायला हवा होता, आणि नव्या म्यानेजरवर तो बसू द्यायचा नव्हता. त्या आठवड्यात माझ्या कानावर पहिल्यांदा ते आलं. पाण्याला गेले होते, दोघी बायका बोलत होत्या, मला बघून थांबल्या. थांबल्या यातच सगळं आलं. म्हणत होत्या ते असं, की रंडकी बाई, एकटा पुरुष, चार वर्षं एकाच घरी जेवण, त्याचं ताट ती कुणाला वाढू देत नव्हती. का देत नव्हती? आता भानगड वाढली असेल, म्हणून पळाला. जेवणाऱ्यांतले सहासात जण कमी झाले. त्यांच्या घरच्यांनी मना केलं. त्याच सुमाराला टेंभुर्णीहून मला स्थळ आलं होतं, त्या लोकांचा धान्याचा व्यापार होता, बघून गेले होते, पसंती कळवली होती. त्यांच्याकडून निरोप आला की सध्या थांबू. आईनं तो निरोप ऐकला आणि भाकरी थापायला बसली. मला म्हणाली, "म्हयना झालाय. अजून एक ऱ्हायलाय." ती तिच्या नावाचा विचारच करत नव्हती. ती दिवस मोजत होती.

मी मोजू शकले नाही. रविवार होता, गिरणीला सुट्टी, त्यामुळे असतील नसतील ते सगळे जेवायला आलेले. रसूल ओट्यावर. दत्तू आत, भिंतीकडं तोंड करून. आई भाकरी वाढत बाबूरावांपर्यंत आली तेव्हा ते शेजारच्याला, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता म्यानेजर का ग्येला ह्ये आमाला ठाव न्हाय. पर ज्येला ठाव हाय ती मान्सं हितंच हायेत. चार वर्सं एकाच हातचं ग्वाड लागत हुतं, मग एकाएकी कडू का झालं, ह्ये इचारा की." दोघंतिघं हसले. बाकीचे ताटाकडं बघायला लागले. आईच्या हातात भाकरी होती. तिनं ती त्यांच्या ताटात नीट वाढली, बाजूला पडू दिली नाही, आणि पुढच्या पाटाकडं गेली. तिचा चेहरा मला दिसला नाही. पाठ दिसली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. आवाज चढवला नाही, चढवायची गरजच पडली नाही, कारण मुलगी पंगतीत येऊन उभी राहिली हेच पुरेसं होतं. मी म्हणाले, "त्यांना दिसत न्हाय. म्यानेजरना. तीन वर्सं झाली. म्हणून आई त्यांचं ताट वाढायची. मी एक दिवस उलटं वाढलं, तर आमटीत बोटं भाजली त्यांची. म्हणून ग्येले ते. आता हसा." आई मागं वळली. "यमे," एवढंच म्हणाली. पण मी थांबले नाही. कापड बोटांनी तपासायचे हेही सांगितलं, कुठल्या गिरणीत गेले तेही सांगितलं, कारण मला पुरावा द्यायचा होता, जाऊन बघा म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं मी सांगत आले की मी आईसाठी बोलले. बोलले आईसाठीच. पण टेंभुर्णीचा निरोपही माझ्या डोक्यात होता. म्हातारपणी एवढं तरी खरं लिहावं.

मला वाटलं होतं, त्यांच्या माना खाली जातील. एकाचीही गेली नाही. मग बाबूराव म्हणाले, "म्हंजे आंधळ्यानं आमची टीम चालवली." आणि तिथून जे सुटलं ते काय सांगू. फसवणूक झाली म्हणाले. पेठेची अब्रू गेली म्हणाले. लष्करवाल्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही म्हणाले. ज्या ओरडण्यावर दोन वर्षं मिरवले होते ते ओरडणं म्हणजे एका आंधळ्याची सोय होती, आणि आपण मूर्खासारखे मैदानाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होतो, याचा त्यांना राग आला. त्या माणसानं न बघता काय करून दाखवलं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईची क्षमा कुणी मागितली नाही. नुसतं, काकू, आमटी आणा, असं पुन्हा सुरू झालं, आणि सुरू झालं यालाच त्यांनी क्षमा मानली असावी. दत्तू उठून माझ्याजवळ आला. "म्हंजे मी त्येला दिसतच नव्हतो," तो म्हणाला. "मी वराडलो आसतो की. सांगायचं तरी." तो आयुष्यात पुन्हा चेंडूजवळ गेला नाही. ओट्यावरून रसूलनं मला हाक मारली. "यमू, ह्ये बोलायचं नव्हतं. मला म्हाईत हुतं. सामन्यात मी त्यांचं डोळं हुतो. माज्या घरच्यास्नी पण म्या सांगितलं न्हाय." त्यानं चहाचा अर्धा पेला तसाच ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो आमच्या ओट्यावर बसला नाही.

बाबूरावांचा तंबाखूचा माल त्या दुसऱ्या गावाहून यायचा. व्यापाऱ्याशी बोलता बोलता त्यांनी ही गंमत सांगितली. लोक म्हणतात सहज बोलले. मी म्हणत नाही. पंधरा दिवसांत आमच्याकडं मैंदर्गीहून ज्वारी घालायला येणाऱ्या माणसानं आईला सांगितलं की चन्नाप्पा गावी परत आलेत, गिरणीनं ठेवून घेतलं नाही, भावाच्या शेतात राखणीला बसतात, आणि भावजय तोंडानं बरी नाही. आईनं ज्वारी निवडून घेतली, त्याला पाणी दिलं, भाकरी बांधून दिली. त्याच दिवशी दुपारी टेंभुर्णीची माणसं नारळ-साखर घेऊन आली. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं, त्यांचा गैरसमज दूर झाला होता, बाई चोख आहे असं पेठेत सगळेच म्हणतात, असं ते दारातच म्हणाले. जेवणारेही सगळे परत आले, वर चार नवे.

पाहुणे गेल्यावर मी आईच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही. परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "माजं नाव राखलंस तू, यमे. आता त्ये तूच वापर. मला नगं."

त्या नावावर माझं लग्न झालं.